घट

कुंडईची औद्योगिक वसाहत, शेड नंबर एकवीस.
मागे रबराचा कारखाना, पुढे फणसाचं एक झाड
जे कुणाच्याच प्लॉटमध्ये येत नाही.
इथे मी खोबरेलाचा साबण करते.

मीच खरेदी, मीच हिशेब, मीच जाहिरात,
आणि वेष्टनावरचा ग्राहकसेवेचा नंबर
हा माझाच मोबाईल.
तो वाजला की हातमोजे काढते,
आवाज जरा वर चढवते,
‘एक मिनिट हं, संबंधित विभागाला जोडते.’
मग फोनवर हात ठेवून
मनात दहापर्यंत मोजते.

साबण सहा आठवडे वाळतो.
बँकेला हे सांगून पाहिलं.
हप्ता तीस दिवसांत पिकतो.
म्हापशाचे कुंकळ्येकर पंचेचाळीस दिवसांनी पैसे देतात,
म्हणजे पंचेचाळीस म्हणतात,
मग चवथ येते, मग मेव्हण्याचं ऑपरेशन.
सावईच्या घाणेवाल्याला मात्र रोख,
डबा टेम्पोतून उतरायच्या आधी.
या दोघांच्या मधे,
लाकडी फळ्यांवर, अंग न लागता, ओळीने,
माझे चार लाख रुपये
वाळत पडलेले असतात.

आणि वाळताना घटतात.
पहिल्या वर्षी ऐंशी ग्रॅमची वडी कापायचो,
लेबल पंचाहत्तरचं.
वजनमाप खात्याचा माणूस फोंड्याच्या एका दुकानात
काटा घेऊन उभा राहिला. बहात्तर.
मी म्हटलं, साहेब, तीन ग्रॅम हवेत गेले.
तो म्हणाला,
हवेला दंड लावता येत नाही.

तेव्हापासून चौऱ्याऐंशी कापतो.
कापते रोझालिना. तार ओढताना मान कलती करते.
पाणी जास्त झालं तर म्हणे
तारेचा आवाज बसका येतो.
सीएने मला घसारा समजावून सांगितला होता,
मिक्सरचा, साच्यांचा, वजनकाट्याचासुद्धा.
रोझालिनाच्या मनगटाचं विचारलं
तर त्याला वाटलं मी विनोद केला.

कळंगुटच्या हॉटेलला महिन्याला चार हजार हव्यात.
अठरा ग्रॅमच्या. नाव नको, वास नको,
साठ दिवसांची उधारी.
पाहुणे एकदा वापरतात नि टाकतात, मॅडम.
ते कोटेशन अजून अर्धंच लिहिलंय.

मार्चमध्ये वाळ्याचं तेल महागलं.
रात्री साडेदहाला मी अर्थखातं होऊन
उत्पादन खात्याला विचारलं,
थोडं कमी घातलं तर काय होतं?
उत्पादन खातं दिवसभर उभं होतं,
ते म्हणालं, काही नाही होत.
जाहिरात खात्याला आम्ही दोघींनी सांगितलंच नाही.
वडीमागे दोन रुपये दहा पैसे.
दोन महिन्यांत ओव्हरड्राफ्टने मान खाली घातली
आणि कापायच्या टेबलावर
मी रोझालिनासाठी पंखा बसवला.

काल दुपारी फोन. शिरोड्याहून कुणी द्वारका च्यारी.
‘बाय, सायबाचो वास उणो जाला गो.’
मी आवाज चढवला.
संबंधित विभाग म्हटलं. हात ठेवला.
एक, दोन.
तिच्याकडे कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता.
पाच. सहा.
ती कुणाला तरी म्हणाली, रांव, विचारतां.
दहा.
मी आवाज बदलून ‘हॅलो’ म्हणणार
तोच ती म्हणाली,
‘तक्रार न्हय गो.
तुमगेर सगळें बरें मू?’

दहाच्या पुढे काय करायचं
हे मी कधी ठरवलेलं नव्हतं.

फोन ठेवून फळीवरची एक वडी उचलली,
काट्यावर ठेवली.
पंचाहत्तर पूर्णांक दोन.
वजन अगदी बरोबर आहे.

तिकडून रोझालिना विचारतेय,
उद्याच्या घाण्याला वाळा किती काढून ठेवू?
पंखा फिरतोय.
थांब, म्हणते मी,
आणि कॅल्क्युलेटर शोधत राहते
जो माझ्याच हातात आहे.